चार नंबरच्या टाकीवरची पाटी

रंग्या,

काल तुझा तेरावा झाला आणि गावानं तुला पार धुऊन-पुसून साफ केला. मांडव घातल्ता, आणि मांडवाच्या तोंडाशी तुझा भला मोठा बॅनर. ‘द्राक्षमहर्षी कै. रंगनाथराव.’ द्राक्षमहर्षी! हयातीत तुला कुणी राव म्हणलं न्हाई. फोटो कोणता घेतला माहीत आहे का? शेडमधला. मीच काढल्ता तो मोबाईलवर. तू ग्लास उजेडाकडं धरून वाइनचा रंग बघून राह्यला होतास, तेव्हाचा. बॅनरवाल्याला कुणीतरी सांगितलं असणार, ग्लास काढ म्हणून. त्यानं ग्लास कापला आणि तुझ्या त्या उचललेल्या हातात गुलाबाचं फूल देऊन टाकलं. एक डोळा बारीक, मान वाकडी, आणि तू गुलाबाकडं बघून राह्यलास, सिनेमातल्या हिरोसारखा! मी पहिल्या रांगेत बसलो होतो. हसू बी येईना, रडू बी येईना. नुसता संताप आला.

सात जण बोलले. एकानं तुझ्या शेततळ्याचं कौतुक केलं, एकानं देवळात तू बसवून दिलेल्या फरशीचं. एक जण तुझ्या शांत स्वभावावर इतका वेळ बोलला की मला वाटलं, हा गडी चुकून दुसऱ्याच्या तेराव्याला आला. तू आणि शांत! आणि नऊ वर्षं ज्या कामात तू गळ्यापर्यंत बुडाल्तास, त्या कामाचं नाव सातांपैकी एकाच्याही तोंडातून निघालं न्हाई. वाइन. एवढासा शब्द. जसं काय तू नऊ वर्षं त्या शेडमध्ये बसून नुसत्या पाट्या पुसत होतास. तसं पाह्यलं तर पाट्या तू पुसतच होतास, पण त्याच्यावर नंतर येतो.

नाव काढलं ते एकानंच, आणि तेही माझ्या कानात. नाशिककडच्या त्या कंपनीचा खरेदीवाला साहेब. पंगत चालू होती, माझ्या ताटात बुंदी पडली होती. माझ्या शेजारी वाकून म्हणतो, “सर, चार नंबरची टाकी तेवढी उद्या देऊन टाका. सकाळी टँकर पाठवतो. अविनाशशी बोलणं झालंय.” माणसाच्या तेराव्याच्या पंगतीत! तुझ्या पोरानं हो म्हणून टाकलं होतं आणि मला टँकर ठरल्यावर कळत होतं. बुंदी तशीच ठेवून उठलो.

चार नंबर, रंग्या. तुझी शेवटची वाइन. जिला तू मला बोट लावू दिलं न्हाईस. टँकरमधून ती तिकडं जाणार, दहा गावांच्या वाइनीत मिसळणार, आणि बाटलीवर त्यांच्या खोऱ्याचं नाव लागणार. बाकीच्या टाक्यांचं दर साली तेच होत आलं. पण ही जाऊ द्यायची की न्हाई, हा एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता, आणि आज सकाळी त्याचा निकाल लागला. तो सांगायला हे लिहून राह्यलोय. मी माझ्या पद्धतीनं सांगणार. तू मधे बोलायचं न्हाई. बोलून दाखव आता.

आपण दोघं ह्या धंद्यात पडलो तेव्हा आपलं अख्खं टेंभुर्णी गाव हसलं, आणि हसण्यासारखंच होतं ते. तू माळकरी. बापानं गळ्यात घातलेली माळ तू आंघोळीलाही काढली न्हाईस. मी वाटूरचा, बौद्ध घरातला, घरात पंचशील. तू दारूला शिवत न्हाईस, मी दारूला शिवत न्हाई. आणि आपण दोघांनी मिळून वाइन काढायची! त्या साली तुझी खायची द्राक्षं अवकाळी पावसानं तडकली. व्यापारी बागेच्या दारातून माघारी गेला, तेव्हा तू कॉलेजात माझ्या प्रयोगशाळेत आलास. पोरं टायट्रेशन करत होती. तू दारातूनच ओरडलास, “मास्तर, द्राक्ष कुजवायचं शास्त्र तुझ्या पुस्तकात असंल ना?”

मी म्हणालो, “कुजवायचं न्हाई, आंबवायचं. आणि आहे. पण मी करणार न्हाई.”

का ते तुला माहीत होतं. माझी माय तेव्हा वाटूरला होती. तिला विचारायला गेल्तो तर ती सूप हातात धरून बसली होती, तिनं मान वर केली न्हाई. “हातभट्टीनं आपल्या वस्तीतली किती घरं खाल्ली ते मोजून दाखवू का तुला? शिकून-सवरून तू तेच करणार?” मी तिला तास-दोन तास समजावलं. हे वेगळं असतं, हे तपासून होतं, परवाना असतो. शेवटी ती म्हणाली, “काढ. पण तुझ्या पोटात एक थेंब गेला तर माझ्याकडं येऊ नको.” मी शब्द दिला. तिच्या माघारी आजवर पाळलाय. तुला ते माहीत होतं, तुझ्यासाठी सांगून राह्यलो न्हाई. लोकांना कळावं म्हणून सांगून राह्यलोय. काल एकानं मला विचारलं, “तुमचं आणि रंगनाथचं बसणं-उठणं होतं, म्हंजे तसलं काही...” तसलं! त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली मला.

न पिणाऱ्या माणसानं वाइन चाखायची कशी? तोंडात घ्यायची, खेळवायची आणि थुंकायची. जगभर चाखणारे तसंच करतात, पण ते तेव्हा मला कुठं माहीत? मी पहिला घोट तोंडात घेतला आणि गाल फुगवून शेडच्या मागं पळालो. लिंबाच्या बुंध्याशी थुंकून आलो तर तू पोट धरून हसत होतास. “अरे चोरी केल्यासारखा पळतो कशाला?” दुसऱ्या दिवशी तू घरून पितळी तस्त घेऊन आलास. तुझ्या वडलांच्या वेळचं, पाव्हण्यांच्या हात धुण्याचं. माझ्या पुढ्यात ठेवलंस. म्हणालास, “ह्याच्यात थुंक.”

मी थुंकलो न्हाई. तोंडात वाइन, डोळ्यांत पाणी, नुसता उभा राह्यलो. आमच्या आज्याच्या काळात आमच्या सावलीचा विटाळ होता, थुंकी तर लांबची गोष्ट. आज्याचं ते सगळं मी ऐकून होतो, तूही ऐकून होतास, आपण त्याच्यावर कधीच बोललो न्हाई. शेवटी थुंकलो. तू तस्त उचललंस, नळावर नेलंस, राख लावून घासलंस आणि जागेवर पालथं ठेवलंस. तुझा चुलतभाऊ मोटर बघायला आल्ता. तो म्हणाला, “रंगनाथ, हे काय करून राह्यला तू?” तू मान वर न करता म्हणालास, “रिपोर्ट धुऊन राह्यलो. मास्तरची थुंकी म्हंजे आपला रिपोर्ट.”

नऊ वर्षं ते तस्त तूच धुतलंस. मी एकदा हात पुढं केला तर फटका मारलास हातावर. ह्याबद्दल मी तुला एक शब्द बोललो न्हाई कधी. बोलायचं राहून गेलं असं म्हणणार न्हाई, मी मुद्दाम बोललो न्हाई. बोललो असतो तर तू चेष्टा केली असतीस आणि मी रडलो असतो.

बरं, आता पाट्यांचं. टाक्या चार, आणि कोणत्या टाकीत काय चाललंय हे आपल्या दोघांच्या ध्यानात राहीना. मंग मी बाजारातून चार दगडी पाट्या आणल्या, लाकडी चौकटीच्या, पहिलीतल्या पोरांच्या असतात तशा, आणि एकेका टाकीच्या तोटीला सुतळीनं बांधल्या. चाखायचं आणि पाटीवर खडूनं लिहायचं, हा नियम. तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. कारण मी नाशिककडं सात दिवसांचं शिक्षण घेऊन आल्तो, आणि येताना एक गुणपत्रक आणलं होतं. रंगाला इतके, वासाला इतके, आंबटपणाला इतके. मी जन्मभर पेपर तपासलेला माणूस. मला तो कागद मिळाल्यावर काय, आनंदच झाला. दर टाकीसमोर उभं राहून मी तपासायचो आणि वर ठळक अक्षरात लिहायचो, ‘दोष’. त्याच्याखाली यादी.

आपल्या शिराज जातीच्या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये दोष निघणारच होते. टेंभुर्णीचं ऊन काय ऊन आहे! मार्चात मण्यात साखर धावत वर जाते आणि आंबटपणा त्याच्या दुप्पट वेगानं खाली येतो. मुरमाड उतारावरची बाग, शेततळ्याचं तळाला गेलेलं मचूळ पाणी. वाइनमध्ये ते सगळं उतरायचं. जिभेच्या पार मागं जरासं खारट, नाकात हुरडा भाजल्यावर मागं राहतो तसा धूर, आणि एक कोरडा मातकट वास. गुणपत्रकात त्यांच्यासाठी रकाना न्हवता. म्हणून मी ‘दोष’ लिहायचो आणि दुरुस्तीला लागायचो. आंबटपणा वाढवायला टार्टारिक आम्ल घाल, गाळ, परत गाळ. शेवटी वाइन अशी व्हायची की ती कुठलीही असू शकली असती. साहेबाला तशीच पाहिजे असायची. तो माझी पाठ थोपटायचा. मला वाटायचं मी लई हुशार.

आणि तू काय करायचास? मी वळलो की अंगठा जिभेला लावायचास आणि माझा ‘दोष’ पुसून टाकायचास. पहिलीतल्या पोरासारखा, थुंकी लावून! मी शाळेत असताना गुरुजींचा मार खाल्लाय त्याच्यासाठी.

“अरे, फडकं ठेवलंय ना तिथं!”

“फडक्यानं निघत न्हाई मास्तर. तुझं अक्षर लई घट्ट बसतं.”

“मी चाखून लिव्हतो. तू न चाखता पुसतो. तुझ्या गळ्यात माळ, तू काय सांगतो चवीचं?”

“मी बाग चाखतो की. मणी खातो, पान खातो, माती बी तोंडात घालून पाह्यली. तू फक्त शेवटचं उत्तर वाचतो.” आणि मंग ते तुझं ठरलेलं वाक्य. “पेपर त्यांचा, उत्तर त्यांचं, पोरगी आपली. नापासच होणार ना बिचारी.”

मी चिडायचो. मला वाटायचं, ह्या माणसाला शास्त्र कळत न्हाई. आज मला माझ्याच शास्त्राचा राग येऊन राह्यला. दोन न पिणारी माणसं वाइन काढायला बसली, आणि चांगली वाइन कशी असते हे आपल्याला ठाऊक न्हाई म्हणून दुसऱ्याच्या कागदावर डोळे मिटून भरवसा टाकला. पिणाऱ्या माणसानं एखादवेळी घोट गिळून म्हणलं असतं, अरे हे तर बेस हाय, भाकरीसंगं चालंल. मी गिळत न्हवतो. मी फक्त मार्क देत होतो.

नाशिककडं त्या कंपनीत गेल्तो ते आठवतं का? साहेबानं बोलावल्तं. टेकडीवर लाकडी बाकं, समोर धरणाचं पाणी, शहरातली पाव्हणे मंडळी टोप्या घालून बसलेली. एक पोरगी छान समजावून सांगत होती. तिसऱ्या बाटलीचा ग्लास मी नाकाशी नेला आणि जागच्या जागी गार पडलो. आपली होती, रंग्या! आदल्या सालची. मी एवढी घासून-पुसून पाठवलेली, तरी पार मागं तो खारट कण राह्यलाच होता. तुझ्या शेततळ्याचा. तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, “ह्यात तुम्हाला आमच्या खोऱ्याच्या मातीचा स्वभाव जाणवेल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे मिटून घेतले.

मी उठून उभा राह्यलो. खरंच ओरडणार होतो. तू माझा सदरा धरून मला खाली बसवलंस. “बस. तिची काय चूक? तिला सांगितलं ते ती सांगती.” आणि तिला वर शाबासकी देऊन आलास, लई चांगलं बोलती म्हणून!

येताना चहाला थांबलो तिथं मी तुझ्यावर तोंडसुख घेतलं. का बोलला न्हाईस, तोंड शिवलं होतं का, माझ्यापुढं एवढी जीभ चालते ती तिथं कुठं गेली? टपरीवाला सुद्धा बघायला लागला. तू बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणालास, “मास्तर, त्यांनी आपलं नाव खोडलं म्हणून तुला राग आला. बराबर हाय. पण त्याच्या आधी कोण खोडतं? दर साली तू तिच्यातनं गाव काढतो. गाव काढलेली वाइन कुणाच्याबी नावावर खपती.”

मी चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसलो. जालना येईपर्यंत तुझ्याशी बोललो न्हाई. तू बरोबर होतास हे मला त्या टपरीवरच कळलं होतं. मंग मी का बोललो न्हाई? मास्तर ना मी! विद्यार्थ्याचं उत्तर आपल्यापेक्षा बरोबर निघालं की मास्तर लोक खोकतात आणि पुढच्या धड्याला जातात.

ह्या साली तू हट्टाला पेटलास. चार नंबरला मला हात लावू दिला न्हाईस. आम्ल न्हाई, गाळणं नावापुरतं. आणि वरून जालन्याहून लेबलं छापून आणलीस. पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरात एकच शब्द, ‘टेंभुर्णी’. मला दाखवताना हात पुसून गठ्ठा सोडलास. मी काय म्हणालो ते तुला आठवत असंल, मला तर रोज आठवतं. मी म्हणालो, “टेंभुर्णीची वाइन? अरे लोक हसतील.” तू गठ्ठा परत पेपरात गुंडाळलास. वेलींची उन्हाळ्यातली खरड छाटणी नुकतीच उरकली होती, तुझ्या हाताला चरे पडले होते, ते मला तेव्हा दिसले. मंग आपलं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, ह्या टाकीच्या तपासणीच्या कागदावर माझी सही न्हाई. तू म्हणालास, नको देऊ. मी घोट घेतला, थुंकलो आणि पाटीवर लिहिलं. ‘दोष : आंबट कमी. खारट. मातीचा वास.’ खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं. आणि सुट्टी लागली होती म्हणून वाटूरला निघून गेलो.

आठ दिवस मी फोन केला न्हाई. तूही केला न्हाईस. नवव्या दिवशी सुमनवहिनींचा आला. शेडच्या दारात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास म्हणे. मी वाटूर फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होतो आणि मोठमोठ्यानं तुला शिव्या देत होतो. लोक बघत होते, बघू दे. भांडण अर्धं सोडून कोण जातं रे? छातीत दुखत होतं तर सांगायचं होतंस. आठ दिवस अबोला धरायला आपण काय शाळेतली पोरं होतो? मी पोचलो तोवर तू पेटलेला होतास. तुझं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं न्हाई.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो. चार नंबरची पाटी तशीच होती. पहिल्यांदाच तू माझं अक्षर पुसलं न्हवतंस. ‘दोष : आंबट कमी. खारट. मातीचा वास.’ आणि त्याच्याखाली तुझं ते वाकडं-तिकडं अक्षर. ‘मंग? कोन्या गावच्या मातीचा यावा?’

मी तिथंच फरशीवर बसलो. उत्तर तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. पण ऐकायला तू न्हवतास, आणि तुझ्या माघारी कबूल करणं मला खोटं वाटलं, सोपं वाटलं. उठलो आणि निघून आलो. म्हणजे आज सकाळी माझ्यावर जे आलं ते माझंच केलेलं होतं.

टँकर नऊला आला. साहेब उतरला, अविनाश त्याच्या मागं, वहिनी शेडच्या दारात. साहेबानं पाटी हातात धरली आणि मोठ्यानं वाचली. फक्त माझी ओळ वाचली, तुझी न्हाई. “बघा ताई, सरांनी स्वतःच लिहून ठेवलंय. दोष. ही एकटी बाटलीत जाण्यासारखी नाही. मिसळण्यापुरतीच आहे. तुमच्यासाठी म्हणून नेतोय.” तुमच्यासाठी म्हणून! उपकार करून राह्यला होता आपल्यावर. आणि हत्यार कुणाचं? माझं. माझ्या अक्षरातलं. रंग्या, मला धरणी ठाव देईना.

अविनाश म्हणाला, “काका, विषय संपवू. बाबा गेले, आता हे घरात नको. माझ्या सासुरवाडीचे विचारतात वडील काय करायचे. मी द्राक्षं म्हणतो आणि गप्प बसतो.”

मी म्हणालो, “बॅनरवरचा ग्लास तूच काढायला लावला का?”

तो खाली बघायला लागला. मला उत्तर मिळालं. पण त्याच्यावर ओरडायला माझ्याकडं तोंड न्हवतं. त्यानं बॅनरवरून ग्लास काढला, मी नऊ वर्षं वाइनमधून गाव काढलं. मी कोण त्याला बोलणार? तरी बोललोच, चार शब्द. स्वभाव कुठं जातो?

वहिनींनी हात वर केला तशी मी गप्प बसलो. त्या शेडमध्ये पाय ठेवणाऱ्या न्हवेत, तुला माहीत आहे. आज आत आल्या. साहेबाच्या हातातली पाटी घेतली, पदरानं चौकट पुसली. म्हणाल्या, “मास्तर, ह्यातलं मला काही कळत न्हाई. पण ज्या दिवशी गेले त्या सकाळी त्यांनी ह्याच्यावर खाली काहीतरी लिव्हलं अन् हसत हसत चहाला आले. म्हणले, मास्तर आला की वाचील अन् भांडंल, बघ. मला आता खरं खरं सांगा. ही खराब हाय का? तुमी खराब म्हणले तर आत्ताच्या आत्ता नेऊ द्या, मी अडवणार न्हाई. चांगली म्हणले तर शेडची चावी माझ्या कमरंला हाय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तोंडानं पटकन ‘चांगली’ म्हणू शकलो असतो. पण आपला नियम होता, चाखल्याबिगर पाटीवर काही लिहायचं न्हाई. तस्त बघितलं. जागेवर पालथं होतं, लखलखीत. त्या दिवशी मी तुझ्यावर दार आपटून गेल्यावर सुद्धा तू ते घासून ठेवलं होतंस.

तोटीतून ग्लास भरला. उजेडाकडं धरला, तू धरायचास तसा. मंग तोंडात घेतली. गुणपत्रक डोक्यातून काढून टाकलं, पहिल्यांदाच. आधी उन्हानं पिकलेला जाड मणी आला. मंग धूर. आणि मागं, पार मागं, तुझं शेततळं. ती कशासारखी न्हवती, रंग्या. तिला सारखं होण्याची गरजच न्हवती. टेंभुर्णीचा उन्हाळा होता तो, मुरमाचा, आणि तुझ्या हट्टाचा. मी लई वेळ तोंडात धरली. गिळली न्हाई. मायला शब्द दिलाय, तो मी तुझ्यासाठीसुद्धा मोडणार न्हाई, आणि तू मला कधी मोड म्हणालाही न्हाईस. तस्तात थुंकलो.

म्हणालो, “वहिनी, ही चांगली आहे. पहिल्यापासून चांगली होती. मी चुकीचं तपासलं. दर साली.”

साहेब म्हणाला, “सर, पण तुमच्याच गुणपत्रकाप्रमाणे—”

“गुणपत्रक तुमचं, साहेब. पोरगी आमची आहे.”

अविनाश हळूच म्हणाला, “काका, टेंभुर्णीची वाइन म्हणलं तर लोक हसतील हो.” माझंच वाक्य, अक्षर न् अक्षर. मी त्याला म्हणालो, “हसू दे. पहिला मी हसल्तो. तुझ्या बापानं मला सहन केलं, तू लोकांना कर.” टँकरवाल्याला पाइप गुंडाळायला त्यानंच सांगितलं.

टँकर रिकामा गेला. सगळे गेल्यावर मी पाटी मांडीवर घेतली. फडकं शेजारीच होतं. मी अंगठा जिभेला लावला आणि ‘दोष’ पुसला. एवढाच शब्द. आंबट कमी, खारट, मातीचा वास हे राहू दिलं, ते खरं आहे. खाली तुझा प्रश्न राहू दिला, आणि त्याच्यापुढं लाल खडूनं बरोबरची खूण केली. नऊ वर्षांतली पहिली. लेबलांचा गठ्ठा वहिनींनी काढून ठेवलाय. तपासणीच्या कागदावर सही केली आहे मी, चार नंबरची.

तस्त तेवढं तसंच पडलंय, रंग्या. वहिनी धुवायला निघाल्या तर मी धरून ठेवलं. मी बी धुणार न्हाई. ते तुझं काम होतं.